झडती

संध्याकाळी प्रेसच्या गेटवर
मी हात पसरून उभी राहते.
बावीस वर्षं झाली.
झुंबरबाईचे हात खांद्यांवरून, कमरेवरून,
डब्याच्या झाकणाखालून फिरतात,
मग मी बाहेर.
दिवसभर मोजलेल्या नोटांतली एकही माझी नाही
हे तिला रोज नव्याने कळतं.

घरी आले की मी बेदाण्याची झडती घ्यायचे.
अख्खा जेलरोड हिंडून यायचा तो,
पोटाखाली गोखरू, शेपटीला ग्रीस,
मिशीला कुणाच्या तरी घरचा बोंबील,
कानाच्या टोकाला ताजं भांडण.
काय आणलंस चोरून, म्हणायचे.
तो डोळे मिटून घ्यायचा.
त्याच्यात जे मुरलेलं असायचं
ते कुठल्याच गेटवर सापडलं नसतं.

मार्चमध्ये तीन रात्री आला नाही.
चौथ्या दिवशी आला तो तीन पायांवर.
डॉक्टर गायधनींनी एक्स-रे उजेडात धरला,
म्हणाले, ताई, मोटारसायकल असणार.
याला घरातच ठेवा.
घरातलं मांजर म्हातारं होतं.
हे ते आशीर्वाद दिल्यासारखं म्हणाले.

वरच्या शिरसाठ मॅडमना बरंच वाटलं.
त्यांच्या मधुमालतीत बुलबुलाचं घरटं.
गेल्या साली त्यातली दोन पिल्लं
बेदाण्याने माझ्या उशाशी आणून ठेवली होती.
एक अजून गरम होतं.
ते मी कुणालाच सांगितलं नाही.
त्यांना तर नाहीच.

मोहाडीहून भाऊजींनी
द्राक्षबागेची जुनी जाळी आणली,
मण्यांवर पाखरं बसू नयेत म्हणून घालतात ती.
एक वाळकं पान अजून तिच्यात अडकलेलं.
दुपारभर तारेने गॅलरी बांधली.
पाखरांना बाहेर ठेवणारी
आता बोक्याला आत ठेवणार.
पाखरांचं काय, दोन्हीकडून भलंच.

महिनाभर दाराला नखं.
मग पाठ करून बसणं.
मग नुसतं बसणं.
अंगावर मांस चढलं, मिशीला आमचाच वास.
झडतीला हात गेला
की हाताला फक्त मांजर लागायचं.

दिवाळीनंतर एका पहाटे
कॉलनीत बिबट्या शिरला.
दारं लावा, कुणी बाहेर पडू नका,
मोबाइलवर एकच ओरड.
शाळा नाही, दूध नाही,
समोरच्या बिल्डिंगच्या ग्रिलग्रिलला
गाल दाबून बसलेली पोरं.
साडेअकरापर्यंत आम्ही सगळे
घरात राखलेले, धडधाकट.
बेदाणा जाळीशी, कान ताठ,
शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुललेली,
नजर खालच्या सीताफळावर.
त्याला माहीत होतं कुठे आहे.
आम्हाला नुसते मेसेज येत होते.

शिरसाठ मॅडमचा फोन आला:
बोका आत आहे ना तुमचा?
आहे, म्हटलं.
बरं, म्हणाल्या, आणि लगेच ठेवला नाही फोन.

बिबट्याला झोपवून नेला.
कुठे सोडला, की ठेवलाच,
ते पुढे पेपरात काही आलं नाही.

आता दर रविवारी मी बेदाण्याला
पट्टा बांधून गच्चीवर नेते.
अर्धा तास, टाकीभोवती.
लंगडत चालतो, थांबतो,
भिंतीच्या फटीत उगवलेलं गवत खातो
आणि बाकी सगळा वेळ
नाक वर करून हवा वाचत राहतो.
जाऊबाई विचारतात, मग खरं काय, आत की बाहेर?
डॉक्टरांचं बरोबर आहे, म्हणते मी.
पण हे म्हणताना
माझं लक्ष पट्ट्याच्या बकलाकडे असतं.
त्याचंही असतं.

खाली आणलं की दारातच थांबवते,
हात फिरवते खांद्यांवरून, पोटाखालून.
काल शेपटीत एक कुसळ लागलं.
झुंबरबाई असती तर वहीत नोंद झाली असती.
मी राहू दिलं.